व्हिनाइल की सीडी? आधी सांगा, ऐकणार काय

व्हिनाइल घेऊ की सीडी असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं, "व्हिनाइलच घे रे, साउंड वॉर्म असतो", आणि त्याच्या मागोमाग दुसरं येतं, "कसलं वॉर्म, नुसती करकर असते, गपचूप सीडी घे". पण बाबा तू ऐकणार काय आहेस, नाट्यसंगीत, ख्याल, साठ-सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी की इंग्लिश रॉक, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे गैरसमज नको. तांत्रिक शुद्धतेत सीडी पुढे आहे, त्यात वादच नाही, पण घरी बसून ऐकताना जो फरक खरोखर कानाला लागतो तो फॉरमॅटचा कमी आणि ती रेकॉर्ड किंवा सीडी तयार करताना कुणी काय केलं त्याचा जास्त असतो. हे का ते जरा खोलात जाऊन बघू, मशिनरीपासून सुरू करतो, कंटाळा येणार नाही असं बघतो.

एलपीच्या, म्हणजे व्हिनाइलच्या मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूवर वर्तुळं वर्तुळं दिसतात पण खाच एकच असते, बाहेरून आत जाणारी, आणि वीसेक मिनिटांच्या बाजूवरची खाच सरळ केली तर चारशे मीटरच्या वर भरेल. ह्या खाचेला दोन भिंती, एकीवर डावं चॅनल, दुसरीवर उजवं, आणि गाण्याच्या लाटा ह्या भिंतींवर प्रत्यक्ष कोरलेल्या असतात. हिऱ्याची पिन त्यातून घासत जाते, हलते, तिच्यामागे बारकंसं चुंबक असतं ते तारेच्या वेटोळ्यांजवळ थरथरतं आणि वीज तयार होते. किती? चार-पाच मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर दोन व्होल्टपर्यंत देतो, म्हणजे चारशे-पाचशे पट जास्त.

आणि दुसरी भानगड अशी की खर्जाच्या लाटा मोठ्या असतात, त्या आहे तशा कोरल्या तर खाच इतकी नागमोडी होईल की बाजूवर फार थोडी मिनिटं मावतील आणि वर पिन उडी मारेल ते वेगळंच. म्हणून कोरतानाच खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरच्या पट्टीचा भाग चढवतात, आणि वाजवताना हे सगळं उलटं करून मूळ आवाज परत मिळवतात. किती दाबायचं आणि किती चढवायचं ह्याचं माप १९५४ च्या सुमारास अमेरिकेत ठरलं, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात, आणि ती बारीकशी वीज वाढवायचं आणि वाजवताना सगळं उलटं करायचं काम फोनो प्रीअ‍ॅम्प नावाचा डबा करतो. "अरे मी रेकॉर्ड प्लेअर घेतला, ऑक्सला लावला, पण आवाज येतच नाही, आला तरी एकदम चिरका" ही जी नव्या लोकांची तक्रार असते ना, तिथे दहापैकी नऊ वेळा हा डबाच मधे नसतो. काही प्लेअरमध्ये तो आतच असतो आणि मागे फोनो आणि लाइन असं बटण असतं, ते बघून घ्यायचं.

आता एक आकडा लक्षात ठेवा, १.८ सेकंद. एलपी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. रेकॉर्डवर आडवा चरा असेल तर टक... टक... टक असं बरोब्बर एवढ्या अंतराने ऐकू येतं, आणि ते एकदा कानात बसलं की गाणं बाजूला राहतं आणि आपण पुढच्या टकची वाट बघत बसतो. पण चऱ्यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे मधलं भोक जरासं एका बाजूला पडलेलं असणं. मग खाच पिनखालून कधी थोडी जोरात जाते, कधी हळू, आणि सूर दर १.८ सेकंदाला किंचित वर किंचित खाली होतो. ढँढँ ड्रमवाल्या गाण्यात हे कुणाला कळतही नाही. तानपुऱ्यावर मात्र लगेच उघडं पडतं, कारण तिथे षड्ज स्थिर पाहिजे आणि तोच झुलत असतो. सतारीच्या आलापात, सारंगीच्या लांब स्वरात, पियानोत हे फार जाणवतं. म्हणून "क्लासिकल ऐकायचंय तर व्हिनाइलच" असं जे सरसकट सांगतात त्यांना मी विचारतो की तुमच्या रेकॉर्डवरचा तानपुरा पाच मिनिटं नुसता ऐकून बघितलाय का. स्पीडचंही तेच. मोटर तीन टक्के पळाली की सूर साधारण अर्धा सेमिटोन चढतो. पेटी घेऊन रेकॉर्डसोबत वाजवणाऱ्याला हे पहिल्या मिनिटात कळतं, बाकीच्यांना वर्षानुवर्षं कळत नाही.

अजून एक गोष्ट आहे जी आपल्या संगीताच्या बाबतीत फारच टोचते. फेरे तेवढेच, पण बाहेरच्या कडेला वर्तुळ मोठं आणि आतल्या कडेला लहान, म्हणजे बाहेर पिनखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, त्यामुळे आत येईल तसा स, श, झांज, तारा सगळं जरा फाटायला लागतं. पॉप अल्बमवाले ह्यावर उपाय करतात, बाजूच्या शेवटी एखादं संथ गाणं टाकतात. आता ख्यालाचं बघा. सुरुवातीला संथ आलाप, खर्जाचे स्वर, ते सगळं मस्त ऐसपैस बाहेरच्या कडेला. मग लय वाढत वाढत द्रुत, ताना, तराणा, तबला पेटलेला, तार सप्तक, आणि हे सगळं नेमकं लेबलच्या जवळ, जिथे रेकॉर्डचा दम संपलेला असतो! गवयाला थोडंच सांगता येतं की उलटं गा.

वर पुन्हा बावीस-तेवीस मिनिटांत बाजू संपते. एलपी १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबियाने आणली ती तिकडच्या लोकांना वरदान होती, कारण त्याआधी ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डवर तीन-साडेतीन मिनिटंच मिळायची, आणि आपल्याकडच्या बुजुर्गांनी त्या तीन मिनिटांत अख्खा राग उभा केला हे वेगळंच कसब. पण मैफलीतला तासाभराचा यमन तुम्हाला सलग ऐकायचा असेल तर एलपीवर तो मिळणारच नाही, उठून बाजू पलटावीच लागेल. सीडीत ७४ मिनिटं सलग मावतात, नंतर ८० पर्यंत गेली.

सीडी पहिल्यांदा विकायला आली ऑक्टोबर १९८२ मध्ये, जपानमध्ये, सोनी आणि फिलिप्सने मिळून काढलेला फॉरमॅट. आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर लिहायचं, आणि हे आकडे बारीक खड्ड्यांच्या रूपात तबकडीवर उमटवायचे. रेकॉर्डच्या उलट ही आतून बाहेर वाचली जाते आणि तिचा मार्ग पाच किलोमीटरच्या वर लांब असतो.

इथे एक गैरसमज इतका पक्का बसलाय की विचारू नका. "डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे केलेले असतात, दोन तुकड्यांच्या मधलं हरवतं, व्हिनाइलमध्ये अख्खी लाट असते." ऐकायला पटतं, पण चूक आहे. शाळेतली भूमिती आठवा, एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले की त्यांतून जाणारं वर्तुळ एकच निघतं, मधले बिंदू दिलेले नाहीत म्हणून वर्तुळ अर्धवट राहत नाही. तसंच गणित इथे आहे. ठरावीक मर्यादेच्या आतली लाट असेल तर त्या मापांतून जाणारी लाट एकच असते आणि प्लेअरमधला डीएसी, म्हणजे आकड्यांचा परत आवाज करणारा भाग, ती अख्खी, गुळगुळीत परत काढतो, पायऱ्या-बियऱ्या काही नसतात. मर्यादा म्हणजे मापांच्या संख्येच्या निम्मं, २२ हजार हर्ट्झ. तरुण निरोगी कान २० हजारापर्यंत ऐकतो, आणि चाळिशीच्या पुढे आपण १५ हजारापर्यंत ऐकत असू तरी नशीब समजायचं.

आता सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा आवाज ह्यातलं अंतर बघू. सीडीवर ते ९६ डेसिबल, चांगल्या एलपीवर साठ-सत्तरच्या आसपास. कागदावर हा फरक प्रचंड वाटतो. पण घरात पंखा चालू, शेजारी कुकरची शिट्टी, खाली रिक्षा, म्हणजे खोलीचाच आवाज तीस-चाळीस डेसिबल धरा, त्यावर अजून ९६ चढवले तर सोसायटीचे सेक्रेटरी दारात येतील. त्यामुळे सीडीची ही ताकद पूर्ण वापरायची वेळ फ्लॅटमध्ये येत नाही. मात्र पंखा बंद करून रात्री ऐकलं तर आलाप सुरू व्हायच्या आधीची शांतता सीडीवर खरोखर शांत असते आणि रेकॉर्डवर तिथे बारीक खसखस असतेच, हेही तितकंच खरं.

मग एवढं सगळं असताना चांगले कान असलेली शहाणी माणसं "मला रेकॉर्डच आवडते" असं का म्हणतात? ती काही खोटं बोलत नाहीत. एक तर काट्रिजमध्ये, म्हणजे पिन आणि चुंबक बसवलेल्या त्या छोट्या डबीत, डावं-उजवं थोडं एकमेकांत मिसळतं, खर्ज बऱ्याचदा मधोमध आणलेला असतो, आवाज थोडा विकृत होतो त्याचीही भर पडते, आणि ह्या सगळ्याचं मिश्रण अनेकांच्या कानाला गोड लागतं. त्यात गैर काही नाही, पण ती रेकॉर्डने घातलेली भर आहे, स्टुडिओत ती नव्हती. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे मास्टरिंग, रेकॉर्ड किंवा सीडी छापण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात. नव्वदच्या दशकापासून सीडी जास्तीत जास्त मोठ्याने वाजावी म्हणून तिकडच्या कंपन्यांत चुरस लागली, हळू भाग उचलून मोठा केला, मोठा भाग छाटला, सगळं एका पातळीवर सपाट. अशी सीडी दहा मिनिटांत डोकं उठवते. हा सीडीचा दोष नाही, पण भोगायला सीडीलाच लागलं. त्याच अल्बमची रेकॉर्ड काढताना मात्र वेगळं, जरा मोकळं मास्टरिंग कधीकधी केलं जातं, कारण इतका सपाट ठासलेला आवाज मोठ्याने कोरला की बाजूवर जागा पुरत नाही. मग रेकॉर्ड चांगली वाटते आणि आपण म्हणतो व्हिनाइल भारी.

आपल्याकडे ह्याची देशी आवृत्ती झाली. जुन्या हिंदी गाण्यांच्या कितीतरी कॅसेट आणि सीडींवर "झंकार बीट्स" नावाने वर ढोलकी आणि ड्रम मशीन ठोकलेलं असायचं, किंवा मूळ आवाज ठेवून मागचं वाद्यवृंद नव्याने वाजवलेलं असायचं, किंवा खरखर काढायच्या नादात फिल्टर इतका मारलेला की गायिकेला सर्दी झालीये असं वाटावं. अशा सीडीपेक्षा चोर बाजारातली चांगल्या अवस्थेतली मूळ एलपी कधीही बरी. उलट प्रकारही आहे बरं का, जुन्या एलपींवर "इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड स्टिरिओ" असा शिक्का दिसला तर समजा की मूळ मोनो रेकॉर्डिंग ताणून खोटं स्टिरिओ केलंय, ते टाळा, साधी मोनो मिळाली तर ती घ्या.

आणि "अ‍ॅनालॉग शुद्धता" म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी २०२२ चा किस्सा. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकेतली कंपनी महागड्या रेकॉर्डसाठी नावाजलेली, मूळ टेपवरून थेट कोरतात अशी लोकांची समजूत. त्या उन्हाळ्यात बाहेर आलं की अनेक रेकॉर्डमध्ये मधे डिजिटल पायरी होती आणि हे काही वर्षं चालू होतं. भयंकर गदारोळ झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण तोवर ज्यांनी "डिजिटल मला ऐकताच कळतं" असं सांगितलं होतं त्यांतल्या कित्येकांनी त्याच रेकॉर्डना डोक्यावर घेतलं होतं. आज बाजारात येणाऱ्या बहुतेक नव्या रेकॉर्ड डिजिटल फाइलवरूनच कोरलेल्या असतात. त्यामुळे मूळ रेकॉर्डिंगच डिजिटल असलेला आजचा अल्बम व्हिनाइलवर घेताना कव्हर आवडलं म्हणून घ्या, हातात धरायला आवडतं म्हणून घ्या, पण जास्त शुद्ध म्हणून घेऊ नका.

म्हणून सुरुवातीचा प्रश्न, ऐकणार काय. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँसाहेब, त्या काळातलं सगळं मूळ ७८ वर. त्यांची एलपी हीसुद्धा ७८ वरून केलेली नक्कलच आणि सीडी ही पण नक्कलच, त्यामुळे तिथे एलपीला "ओरिजिनल" म्हणून मान द्यायचं काही कारण नाही, ज्याचं ट्रान्सफर चांगलं ते घ्यायचं. (प्रत्यक्ष ७८ वाजवायची हौस असेल तर त्याला जाड पिन वेगळी लागते, एलपीची बारीक पिन त्या रुंद खाचेत तळाशी जाऊन बसते. आणि त्या लाखेच्या रेकॉर्ड स्पिरिट किंवा अल्कोहोलने अजिबात पुसू नका, लाख विरघळते.) साठ आणि सत्तरचं दशक, म्हणजे भावगीतं, मूळ साउंडट्रॅक, त्या वेळच्या गवयांच्या गाजलेल्या एलपी, इथे व्हिनाइलला खरा अर्थ आहे, कारण ते ध्वनिमुद्रण त्याच माध्यमासाठी झालं होतं आणि सीडीवर ते कधी आलं, कधी आलंच नाही. ऐंशीच्या दशकात मात्र भारतात कॅसेटने एलपी संपवली. त्यानंतरचं शास्त्रीय संगीत, मैफलींची लाइव्ह ध्वनिमुद्रणं, पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्यांनी काढलेला खजिना, हे कॅसेटवर आणि मग सीडीवर आलं. व्हिनाइलवर ते शोधत बसाल तर आयुष्य जाईल. माझ्यासारखा माणूस, जो मुख्यतः ख्याल ऐकतो, त्याच्यासाठी उत्तर सरळ सीडी आहे.

पैशाचं थोडक्यात. नवी एलपी बऱ्याचदा दोन-अडीच हजारांच्या घरात जाते. सेकंडहँड सीडी मात्र आज लोक अक्षरशः रद्दीत काढतायत, घर बदलताना, आजोबांचं कपाट आवरताना, आणि वाजवायला माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेअरही चालतो, त्याच्या मागे डिजिटल आउट असेल तर बाहेरचा डीएसी लावता येतो. वाचलेले पैसे स्पीकरवर घाला. वीस हजार बजेट असेल तर पंधरा स्पीकर-अ‍ॅम्पला, असं माझं गणित, कारण फरक तिथे ऐकू येतो. रेकॉर्डच घ्यायची ठरली तर ते सुटकेससारखे देखणे प्लेअर मिळतात ते भेट द्यायला ठीक, पण त्यांतल्या बऱ्याच प्लेअरमध्ये स्वस्तातलं सिरॅमिक काट्रिज असतं आणि पिनचा भार पाच-सहा ग्रॅम पडतो. चांगल्या प्लेअरवर दीड-दोन ग्रॅम असतो. म्हणजे तुमच्या एलपीवर तिप्पट वजनाने हिरा घासतोय.

भार सेट करणं अवघड नसतं. आर्मच्या, म्हणजे पिनच्या दांड्याच्या, मागचं वजन फिरवत फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल इथपर्यंत आणायचा, ना वर ना खाली, फुंकर मारली तर हलेल असा. मग वजन न हलवता पुढची आकड्यांची चकती शून्यावर आणायची, आणि आता दोन्ही मिळून काट्रिजच्या कागदावर लिहिलंय तेवढं, समजा दोन ग्रॅम, फिरवायचं. आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेलं अँटिस्केटही दोनवर. बस. कमी भार चांगला म्हणून एकवर ठेवू नका, पिन खाचेत ठरत नाही, आपटते आणि जास्त नुकसान करते. पिन पाचशे ते हजार तासांत बदलायची असते आणि जुन्या प्लेअरसोबत आलेली पिन किती तास चाललीये हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, तेव्हा ती बदललेलीच बरी. प्लेअर स्पीकरच्याच टेबलावर ठेवू नका, आणि जुन्या वाड्यातली लाकडी जमीन असेल तर भिंतीला फळी मारून तिच्यावर ठेवा, नाहीतर कुणी चालत गेलं की पिन उडी मारते.

पावसाळा दोघांनाही भोवतो पण एलपीला जास्त. कोकणात, मुंबईत जुलैत पुठ्ठ्याच्या कव्हरला बुरशी धरते आणि तिथून रेकॉर्डवर पांढरे ठिपके येतात. रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचल्या की वाकतात, आणि उन्हात उभ्या गाडीत विसरलात तर विषयच संपला. सीडीला खालच्या बाजूचे बारीक चरे फारसे बाधत नाहीत, कारण आकड्यांत दुरुस्तीची सोय आहे, सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान प्लेअर पूर्ण भरून काढतो. पण सगळे काळजी घेतात ती खालच्या बाजूची, आणि खरी नाजूक बाजू वरची असते, लेबलची, कारण चांदीसारखा थर लेबलच्या लगेच खाली असतो. तिथे बॉलपेनने नाव लिहिलं किंवा चिकटवलेला स्टिकर ओढून काढला की थरच निघतो. पुसताना आतून बाहेर सरळ पुसायची, गोल गोल नाही.

जुन्या बाजारात सीडी घेताना एकाच सीडीच्या खोक्यावर "१०० सदाबहार गीते" असं लिहिलेलं दिसलं तर ती एमपी३ सीडी आहे, जागा वाचवायला आवाज कापलेला आहे, वर सांगितलेलं सीडीचं कौतुक तिला लागू नाही. "कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ" हा लोगो बघा आणि प्रकाशाकडे धरून पिवळट डाग किंवा भोकं दिसतायत का तेही बघा. खालची बाजू हिरवट-निळसर दिसली तर ती घरी बर्न केलेली, तिच्यातला रंग काही वर्षांनी उडतो. अशा आणि कुठेच न मिळणाऱ्या सीडी आधी कॉम्प्युटरवर घ्या, यूएसबीवर चालणारा सीडी ड्राइव्ह दोनेक हजारात मिळतो, फ्लॅक फॉरमॅटमध्ये घेतलं तर एकही आकडा हरवत नाही आणि एक अल्बम तीन-चारशे एमबीत बसतो.